कलमबागेतली तीन माणसं

मागच्या जनगणनेत आमच्या वाडीतली माणसं मोजायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी खोटं केलं. जी माणसं वाडीत राहत नव्हती ती लिहिली आणि जी राहत होती त्यांतली तीन लिहिली नाहीत. आता नवी जनगणना येते आहे. या वेळी सगळं मोबाइलवर होणार म्हणतात. कुणी तरुण शिक्षिका येईल, दारं वाजवील, आणि तिने माझ्या जुन्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहिला तर तिला वाटेल की मधल्या काळात वाडी ओस पडली. तसं नाही. वाडी तेव्हाच ओस पडली होती. मी ती कागदावर भरून ठेवली होती.

पण हे लिहिण्याचं कारण जनगणना नाही. कारण एक मुलगी आहे. तिच्याकडे येतोच.

आमचं गाव मालवण तालुक्यात, धामापूरपासून फार लांब नाही. खाली माडा-पोफळींत आमची वाडी. चढण चढून वर गेलं की सडा, म्हणजे कातळाचं माळरान, आणि सड्याच्या कडेने हापूसच्या बागा. मी या वाडीत जन्मलो आणि जवळच्याच शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. माझ्या लहानपणी वाडीत बायका-मुलं भरपूर आणि पुरुष थोडे, कारण पुरुष मुंबईला गिरण्यांत. गिरण्या गेल्या तरी पुरुष परतले नाहीत, उलट बायका-मुलंही त्यांच्याकडे गेली. त्यांच्या मुलांनी डोंबिवली, विरार, पुणे गाठलं. काही आखातात गेली, काही पणजीला. शाळेचा पट दर जूनला दोन-तीन मुलांनी खाली येताना मी पाहिला. शेवटी एका वर्गात एकच मुलगी उरली. मी हजेरीपुस्तक उघडायच्या आत ती ‘हजर’ म्हणून मोकळी व्हायची.

हे सगळं डोळ्यांसमोर घडत होतं, तरी आमच्याकडे माणसं मोजायची रीत वेगळी. देवळात गाऱ्हाणं घालताना गुरव आधी लांबच्यांना सांभाळायला सांगतो. जो मुंबईत आहे, जो बोटीवर आहे, जो परमुलखात आहे, त्याची राखण कर, आणि आम्ही सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणतो. चवथीला ज्या गणपतीपुढे जेवायला बसायचं ते तुमचं घर. वर्षाचे बाकीचे दिवस तुम्ही कुठे का असेनात. एखाद्या म्हातारीला परक्याने विचारलं, घरात किती माणसं, तर ती एकटी राहत असली तरी अकरा सांगते. ती खोटं बोलत नसते.

मी मात्र शिकलेला माणूस होतो. गणनेआधी आम्हा शिक्षकांना मालवणला बसवून नियम समजावले होते. त्या काळात जो जिथे राहतो तो तिथे मोजायचा. घर कुणाचं, जमीन कुणाची, गाव कुठलं, याच्याशी काही संबंध नाही. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. पुढच्या बाकावर बसून.

पहिलं घर थोरल्या काकांचं. नात्याने माझे चुलत चुलते, वाडीतले सगळ्यांत वयस्कर. सड्यावरची मोठी बाग त्यांची. माझे वडील लवकर गेले तेव्हा माझ्या शिक्षणाची काळजी त्यांनीच घेतली होती. ओसरीवर वाडीतले आणखी दोघे-तिघे येऊन बसले होते.

“बस मास्तरा. आणि नावां लिवन घी,” काका म्हणाले आणि सांगू लागले. तिघे मुलगे, सुना, नातवंडं.

मी म्हटलं, “काका, हे सगळे ठाण्याक ऱ्हवतत. हंय ऱ्हवतत त्येंचीच नावां लिवची लागतत.”

“ठाण्याक ऱ्हवतत म्हणान काय माझे झील नाय जाले? चवथीक गणपती हाडूक कोण येता? तू येतंस?”

ओसरी हसली. मीही हसलो.

“आणि आकडो कमी झालो तर पंचायतीतलो आपलो एक मेंबर जातलो,” शेजारचा एक जण म्हणाला. “मगे रस्त्याक डांबर मागूक मास्तर जातले, खडू घेवन.”

मी लिहिलं. एकदा एका घराचं लिहिल्यावर पुढच्या घरांना काय सांगणार? त्यांचंही लिहिलं. काकांच्या धाकामुळे लिहिलं असं मी पुष्कळ वर्षं मनाशी म्हणत आलो, पण ते खरं नाही. संध्याकाळी घरी येऊन मी आमचा स्वतःचा तक्ता भरला, तेव्हा समोर काका नव्हते. आमचा मुलगा पुण्याला स्थायिक होऊन सहा वर्षं झाली होती. मी त्याचं, सुनेचं आणि नातीचं नाव लिहिलं. आमच्या दोन नावांखाली ती तीन नावं आली, आणि मला बरं वाटलं.

आता बागेतल्या माणसांविषयी.

आमच्या भागातल्या कलमांची राखण नेपाळी कुटुंबं करतात. दिवाळीनंतर येतात, मोहोर-फळं सांभाळतात, वानरं हाकतात आणि मिरगाच्या, म्हणजे पावसाच्या, आधी परत जातात. काकांच्या बागेत एक जोडपं तिसऱ्या हंगामाला आलं होतं. वाडीत त्यांना ‘गुरखो’ आणि ‘गुरखीण’ एवढीच नावं. त्या थंडीत बागेतल्या खोपीतच तिला मुलगी झाली. रिक्षा सड्यावर पोचेपर्यंत मूल बाहेर आलं होतं. बाळंतपण नवऱ्यानेच केलं.

मी कागदांची पिशवी घेऊन वर निघालो तेव्हा आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोने, डिंकाच्या लाडवांचा डबा हातात दिला. “बाळंतिणीक देवा. आणि चेडवाचा नाव काय ठेवलां ता इचारून येवा.”

वाटेत काकांनी हाक मारली. ओसरीच्या कठड्यावर वाकून म्हणाले, “त्या गुरख्यांका बुकात घेव नको हां. आज नाव घालतले, उद्या बाग आपली म्हणतले. मिरगाक ते खंय आणि आपण खंय!”

खोप म्हणजे चार बाजूंना चिरे रचून वर टाकलेला पत्रा. तिने बाळाला नवऱ्याच्या माकडटोपीत गुंडाळलं होतं. टोपीच्या मानाने बाळ इतकं लहान, की आधी मला ते दिसलंच नाही. नवऱ्याने आंब्याची पेटी उपडी करून मला बसायला दिली, चुलीवर चहा ठेवला. तेव्हा दोघं हिंदीच बोलत.

“गुरुजी, हमारा भी लिखोगे ना?” तो म्हणाला.

ती आतून म्हणाली, “इसका भी लिखना. हम बाहर के हैं, ये तो यहीं की है.”

पिशवी माझ्या मांडीवर होती. कोरे तक्ते होते. पेन हातात होतं. मी म्हटलं, “लिखता हूँ, लिखता हूँ. बाद में आके लिखता हूँ. अभी बच्ची को संभालो.” चहा प्यायलो. लाडू दिले. तिने डबा रिकामा परत दिला नाही, त्यांच्या गावाकडून आणलेला कसला तरी वाळवलेला पाला मूठभर त्यात घातला. मी खाली उतरलो. परत गेलो नाही.

त्यांच्या खोपीची जागा मी घरयादीत ‘शेतमालाची खोप, वस्ती नाही’ अशी लिहिली. काका म्हणाले म्हणून नव्हे. कागदावर अडीचशे-तीनशे माणसं भरलेल्या वाडीत सगळे आमचेच असावेत, असं मला आतून वाटत होतं.

आणि एक गोष्ट मी याहून वाईट केली. मूल झालं की ग्रामसेवकाकडे जन्माची नोंद करायची असते, हे त्या दोघांना माहीत नव्हतं. मला होतं. दोन ओळींचा अर्ज मी तिथे बसल्या बसल्या लिहून देऊ शकलो असतो. पण ते मूल पंचायतीच्या पुस्तकात चढलं असतं तर कुणी तरी विचारलं असतं, मास्तर, मग तुमच्या कागदांत हे का नाही? म्हणून मी गप्प बसलो.

पुढे छापून आलं की आमच्या जिल्ह्याची लोकसंख्या घटली. शिक्षकांच्या खोलीत त्यावर बरीच चर्चा झाली. मी चहाचा पेला धुवायला बाहेर गेलो.

मी निवृत्त झालो. काका गेले. मुलगी चालू लागल्यावर ते जोडपं मिरगाला परत जायचं थांबलं. एकदा मी त्याला विचारलं, गावाची आठवण येत नाही का. तोवर तो मोडकीतोडकी मालवणी बोलू लागला होता. म्हणाला, “गावात कोण नाय, गुरुजी. आमच्या डोंगरार पण कुलुपां. पोरगे सगळे मलेशिया, कतार. शेतां पडलीत. म्हातारे आसत, ते फोन घेवन बसतत.” हे वर्णन त्याच्या गावाचं की आमच्या, ते सांगितल्याशिवाय कुणाला ओळखता आलं नसतं.

आता ते काकांच्या मांगरात, म्हणजे घरामागच्या लहान घरात, राहतात. वाडीतल्या बंद घरांच्या किल्ल्या मुलीच्या आईकडे असतात. चवथीच्या आधी तीच ती उघडते, कोळ्याची जाळी काढते, जमिनी पुसते, मग मुंबईची माणसं येतात. मुलगी इथल्याच शाळेत शिकली. शाळेत घालताना जन्मतारीख अंदाजे सांगितली होती. ती आमच्या घरात लहानपणापासून येते. आमच्या मंडळींना आजी म्हणते, मला आजो. बोलायला लागली की मालवणच्या बाजारातल्या कुठल्याही पोरीसारखी.

या वैशाखात बाप-लेक आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन उभी राहिली. मुलीच्या हातात प्लास्टिकची फाइल. नेपाळात त्यांच्या सरकारी कार्यालयात सोळाव्या वर्षी नागरिकत्वाचा कागद करतात. ते म्हणाले, ही भारतात जन्मली, तर तिथला जन्मदाखला आणा. आमच्या पंचायतीत विचारलं, तर नोंदच नाही. वर कुणी तरी म्हणालं, नेपाळची माणसं ना तुम्ही, तिकडूनच आणा. ना तिकडची, ना इकडची, असं तिचं झालं होतं. कागदाशिवाय पुढचा प्रवेश नाही, परीक्षा नाही, काही नाही.

बाप म्हणाला, “गुरुजी, त्या वर्सा तुमी कागद घेवन बागेत इल्लात. तेवा आमका लिवलात मां? त्येचो एक दाखलो देवा.”

मी एकदम प्रमाण भाषेत शिरलो. कार्यालयात बोलतात तसा. “जनगणनेचा दाखला मिळत नसतो. ती माहिती गोपनीय असते. तसा कायदाच आहे.”

हे खरं आहे. कायदा तसाच आहे. इतका सोयीचा कायदा मला आयुष्यात दुसरा भेटला नाही.

बापाने मान हलवली. मुलगी मात्र म्हणाली, “दाखलो नको, आजो. पण आमी आसंव मां त्याच्यात?”

मी म्हटलं, “व्हय.”

ती हसली. “मगे बरा. खंय तरी आसंव,” असं बापाला म्हणाली आणि दोघं गेली.

पुढचे दिवस माझं जेवणावर लक्ष नव्हतं. आमच्या मंडळींनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. ती फक्त म्हणाली, “माका कित्याक सांगतास? थंय जावन सांगा.”

मी मांगरात गेलो. तिघंही होती. बाई काजूच्या बिया निवडत होती. मी उभ्यानेच सांगितलं की मी तुम्हाला लिहिलं नव्हतं, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही, आणि परवा खोटं बोललो.

बाईचे हात थांबले नाहीत. “माका ठावक होता,” ती म्हणाली. “तुमी पेनाचा टोपण काढलातच नाय. मी आतसून बघी होतंय.”

“मगे इतकी वर्सां बोललंस कित्याक नाय?”

“कोणाक बोलतलंय? मास्तर तर तुमीच.”

नवरा उठून बाहेर गेला. मुलगी माझ्याकडे बघत होती. “म्हणजे परवा तुमी माझ्या तोंडाकडे बघून व्हय म्हटलात, ता खोटा?”

मी म्हटलं, हो.

“जावा तुमी,” ती म्हणाली. आजो म्हणाली नाही.

मी गेलो, पण दुसऱ्या दिवशी मालवणला, तहसील कार्यालयात. उशिरा जन्मनोंद करता येते. त्यासाठी तहसीलदारांचा आदेश लागतो, आणि मूल तेव्हा तिथे जन्मलं हे सांगणारे साक्षीदार लागतात. मी प्रतिज्ञापत्र करायला बसलो. कार्यालयाबाहेरचा टायपिंगवाला हुशार होता. मजकूर ऐकून त्याने हात थांबवले.

“गुरुजी, तुम्ही प्रगणक म्हणून तिथे गेलात आणि बाळ पाहिलंत, एवढं पुरे. नोंद केली नाही, हे कशाला घालता? उगाच स्वतःच्या मागे लावून घेताय.”

“मग साहेब विचारतील, नोंद का नाही.”

“विचारतील तेव्हा बघू.”

“नको. आत्ताच लिहा.”

त्याने लिहिलं. मी वाचलं. ‘मी जाणूनबुजून नोंद केली नाही’ हे वाक्य इतर वाक्यांसारखंच दिसत होतं, त्याच अक्षरांत.

पण एका साक्षीने भागत नव्हतं. तलाठी वाडीत चौकशीला येणार होता आणि त्याला तेव्हा वाडीत राहणारी आणखी माणसं हवी होती. मी माझ्या आठवणीतल्या घरांवरून फिरलो. दारांना कुलुपं. जे म्हातारे तेव्हा होते ते राहिले नाहीत. मग मी फोन लावले. काकांच्या मोठ्या मुलाला ठाण्याला लावला, त्याला सांगितलं की तुझ्या बागेत जन्मलेलं मूल, दोन शब्द लिहून दे.

“दादा, आमी तेवा थंय खंय होतंव?” तो म्हणाला. “आमका काय ठावक?”

“माझ्या कागदार होतास,” मी म्हटलं.

त्याला वाटलं मी विनोद केला. तो बराच वेळ हसला आणि मग म्हणाला, चवथीला येतो, तेव्हा बघू. दुसऱ्याने, तिसऱ्याने तेच सांगितलं, आणि ते खरंच सांगत होते. मी कागदावर वाडीत बसवलेल्या माणसांपैकी एकही त्या दिवशी सड्यावरचं रडू ऐकायला वाडीत नव्हता. माझा मुलगा पुण्याहून म्हणाला, “बाबा, मी सही करतो, काय लिहायचं ते सांगा.” मी त्याला नको म्हटलं. एकदा त्याचं नाव खोटं लिहिलं तेवढं पुष्कळ झालं.

तलाठी आला त्या दिवशी आमच्या ओसरीवर मी आणि बाप-लेक बसलो होतो. तो म्हणाला, एकच साक्षीदार, तोही असं लिहून देणारा, साहेब मान्य करतील की नाही सांगता येत नाही.

आमच्या मंडळी आतून हात पुसत बाहेर आल्या. “माझा लिवा,” त्या म्हणाल्या. “ह्येंका सांगलंलंय चेडवाचा नाव इचारून येवा. ह्ये इले तशेच, डब्यात पाला घेवन. मगे दुसऱ्या दिवशी मीच गेलंय. चेडवाक मी न्हाणलंय. सोळावो दिवस होतो, त्येच्या आवशीन बोटां मोजून सांगलंलां. आणि नावय सांगलंला.”

हे मला माहीतच नव्हतं. इतक्या वर्षांत तिने कधी सांगितलं नाही, की मी कधी विचारलं नाही. तलाठ्याने ते नाव लिहून घेतलं, सोळा दिवस लिहून घेतले, आणि माझ्या प्रतिज्ञापत्रातल्या बागेत गेल्याच्या तारखेवरून जन्मतारीख काढली. शाळेत अंदाजाने दिलेल्या तारखेहून ती पंचवीस दिवसांनी वेगळी निघाली. मुलगी ती तारीख दोनदा म्हणाली, हळूच, स्वतःशी.

आमच्या मंडळींनी सही केली. तलाठ्याने कागद घडी करून पिशवीत ठेवला.

आदेश अजून आलेला नाही. पुढची तारीख मिळाली आहे, त्या दिवशी आम्हा दोघांना साहेबांपुढे उभं राहायचं आहे. जनगणनेच्या खोट्या नोंदीबद्दल माझ्यावर काही होईल का, ते मी विचारलेलं नाही. व्हायचं ते होऊ दे. मुलीला कागद मिळेल की नाही, एवढीच मला धास्ती आहे, कारण दोन म्हातारी माणसं साक्षीला आहेत आणि दोघांचंही वय झालं आहे.

मुलगी अजून आमच्या घरी येते, तिच्या आजीकडे. माझ्याशी बोलत नाही. तिची चाहूल लागली की मी ओसरीवरून उठतो आणि माजघरात जाऊन बसतो. मी ओसरीवर दिसलो तर ती बाहेरूनच परत जाते. मी आत गेलो की ती बसते. आतून मला त्या दोघींचं बोलणं ऐकू येतं.